शेतकऱ्याचा कुत्रा न्यूयॉर्कला गेला, त्याची गोष्ट



आज कांदा नाही, ऊस नाही, खताचा डोस नाही. आज कुत्र्याच्या खाण्याचा इतिहास लिहितोय. हसू नका. गोठ्यात खुराकाचा जो हिशोब आपण रोज करतो तोच इथं लागतो. तो न केल्यामुळं आमच्या शिवारात एक सोन्यासारखं पिल्लू अधू झालं. ते पुढं सांगतो.

विषय असा निघाला. अमेरिकेत कुत्र्याच्या खाण्याची एक कंपनी आहे, नाव ‘द फार्मर्स डॉग’. म्हणजे शेतकऱ्याचा कुत्रा. कंपनी न्यूयॉर्कची. माझा पुतण्या न्यू जर्सीला असतो, त्याच्या कुत्र्याला हेच खाणं घरपोच येतं. त्यानं पाकिटाचा फोटो पाठवला आणि विचारलं, “काका, तुम्ही जनावरांच्या खुराकातले. हे बघून सांगा, खरंच चांगलं आहे का नुसता नावाचा डामडौल?”

हे खाणं म्हणजे काय, तर मांस, काळीज, रताळं, गाजर, मसूर असला माल मंद आचेवर शिजवायचा, वरून जीवनसत्त्वं आणि खनिजं मिसळायची, लगेच गोठवायचा आणि कुत्र्याच्या वजनाप्रमाणं मापून पाकिटं पाठवायची. ब्रेट पोडोल्स्की आणि जोनाथन रेगेव या दोघांनी २०१४ साली ही कंपनी काढली. पोडोल्स्कीच्या जेडा नावाच्या रॉटवायलर कुत्रीचं पोट सारखं बिघडायचं. घरी शिजवून घालायला लागल्यावर ती सुधारली, त्यातून धंदा सुचला. २०२३ साली सुपर बोलला, म्हणजे त्यांच्या फुटबॉलच्या फायनलला, त्यांची जाहिरात लागली. एक मुलगी आणि तिचा कुत्रा बरोबर मोठे होतात, एवढंच तिच्यात आहे. ‘यूएसए टुडे’ वर्तमानपत्राच्या प्रेक्षक-मतदानात ती त्या वर्षी पहिली आली.

आता पाकीट एका बाजूला ठेवा. मालाची पारख करायची तर आधी त्याच्या घराण्याची चौकशी करावी लागते. बैल घेताना आपण तेच करतो.

शेतकऱ्याच्या कुत्र्याचं मूळ खाणं

पहिल्या शतकात रोमन राज्यात कोलुमेल्ला नावाचा एक जमीनदार होता. स्वतः शेती करायचा आणि शेतीवर मोठा ग्रंथ लिहून ठेवलाय. त्यात बैल, मेंढ्या, मधमाश्या, द्राक्षं सगळं आहे आणि राखणीच्या कुत्र्यावरही प्रकरण आहे. वाड्याचा कुत्रा काळा असावा म्हणतो, म्हणजे दिवसा चोराला धडकी भरते आणि रात्री तो दिसतच नाही. खाण्याचं काय सांगतो बघा. ज्याच्याकडं मेंढरं-गुरं आहेत त्यानं जवाचं पीठ चीज करताना उरलेल्या पाण्यात कालवून द्यावं. ज्याच्याकडं नुसती बाग आहे त्यानं खपली किंवा साध्या गव्हाची भाकरी उकडलेल्या कडधान्याच्या पाण्यात भिजवून द्यावी, पण कोमट. आपल्या भाषेत सांगायचं तर कटात कुस्करलेली भाकरी! गरम दिलं तर कुत्रं पिसाळतं असंही त्यानं लिहिलंय, ते मात्र खोटं. रेबीज खाण्याच्या उष्णतेनं होत नाही.

आपल्याकडं तरी दुसरं काय होतं? सकाळची शिळी भाकरी, ताक, उरलेलं कोरड्यास. कुत्रं भाकरी घेऊन पळालं आणि नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्या गोष्टीतसुद्धा कुत्र्याच्या तोंडात भाकरीच आहे.

आता शास्त्र काय म्हणतं? २०१३ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘नेचर’ मासिकात कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना छापली. पिष्ट पचवणारं पाचक द्रव्य बनवणारं एक जनुक आहे. लांडग्यात त्याच्या दोन प्रती, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. म्हणजे माणूस धान्य खायला लागला तसं कुत्र्याचं पोटही बदलत गेलं. शेतीनं माणूस बदलला तसा कुत्राही बदलला.

पण एक गोष्ट विसरू नका. कोलुमेल्लाचा कुत्रा असो की आपल्या आज्याचा, तो फक्त भाकरीवर जगत नव्हता. मोकळा होता. उंदीर, घूस, मेलेलं जनावर, हाडं, वार, सगळं स्वतः हुडकून खायचा. भाकरीत जे नव्हतं ते तो शिवारातून भरून काढायचा. साखळीला बांधलेल्या किंवा फ्लॅटमधल्या कुत्र्याला ही सोय नाही. मालक देईल तेवढंच त्याचं जग.

बिस्किट, डबा, गोळी

विकतचं खाणं कुठून आलं? जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन १८६० च्या सुमारास लंडनला गेला होता. गेला होता वीज पडण्यापासून बचाव करणाऱ्या सळ्या विकायला. बंदरात जहाजावरची कडक बिस्किटं फेकलेली, आणि ती कुत्री खातायत, हे त्यानं बघितलं असं सांगतात. त्यावरून त्यानं गव्हाचं पीठ, बीट, भाज्या आणि सुकं मांस घालून कुत्र्याचं बिस्किट काढलं. ते मांस नेमकं कशाचं, हे तो नीट सांगत नसे म्हणतात. गिऱ्हाईक कोण, तर शिकारी कुत्री पाळणारे श्रीमंत. त्याच कंपनीत चार्ल्स क्रुफ्ट नावाचा पोरगा कामाला लागला आणि पुढं १८९१ मध्ये त्यानं लंडनच्या कृषी सभागृहात कुत्र्यांचं प्रदर्शन भरवलं. ‘क्रुफ्ट्स’ म्हणून ते आजही भरतं. कुत्र्याचं प्रदर्शन आणि कुत्र्याचं विकतचं खाणं, दोन्ही एका दुकानातून निघालं.

मग आला डबा. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत शेतावर ट्रॅक्टर आणि रस्त्यावर मोटार आली. लाखो घोडे बिनकामाचे झाले. इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्डच्या चॅपेल बंधूंनी १९२२ साली घोड्याचं मांस डब्यात भरून ‘केन-एल रेशन’ नावानं विकायला काढलं. ज्या घोड्यानं नांगर ओढला तो ट्रॅक्टर आल्यावर डब्यात गेला. आपल्याकडं ट्रॅक्टर आल्यावर बैलाचं काय झालं हे तुम्हाला माहीत आहे, जास्त लिहीत नाही.

दुसऱ्या महायुद्धात पत्रा लष्कराला लागला, कुत्र्यासाठी डबे मिळेनात. सुकं खाणं पुढं आलं. त्यानंतर प्युरिना कंपनीनं १९५७ च्या सुमारास नवी गोळी बाजारात आणली. ही कंपनी मुळात १८९४ पासून घोड्या-गुरांचा खुराक बनवणारी, म्हणजे आपल्या पेंडवाल्यांच्या जातीतली. धान्य, मांसाची भुकटी, चरबी यांचं पीठ वाफेवर दाबून बारीक भोकातून बाहेर ढकलायचं. बाहेर आल्याबरोबर ते फुगतं, आपल्याकडच्या कुरकुऱ्यासारखं. मग वाळवायचं आणि वरून चरबीचा फवारा मारायचा, म्हणजे कुत्रं तुटून पडतं. महिनोन् महिने टिकतं, पोत्यात भरता येतं, फ्रीज लागत नाही. आज जगात पोत्यानं विकलं जाणारं बहुतेक खाणं याच पद्धतीचं.

एवढी गोळी खपवायची तर घरचं खाणं वाईट ठरवणं भाग होतं. १९५८ मध्ये अमेरिकेत कारखानदारांनी आपली संघटना काढली आणि साठच्या दशकात जोरात प्रचार केला की ताटातलं उरलेलं कुत्र्याला घालू नका. दोन हजार वर्षं जे चाललं ते एका पिढीत ‘धोकादायक’ झालं.

आता ताजं शिजवलेलं विकणारे काय म्हणतात? गोळी वाईट, घरच्यासारखं चांगलं. चक्र उलटं फिरलं. स्प्रॅटनं उष्टं वाईट म्हटलं, गोळीवाल्यांनी घरचं वाईट म्हटलं, ताज्यावाल्यांनी गोळी वाईट म्हटली. प्रत्येक नवा माल जुन्याला नावं ठेवून विकला गेला. बियाणं आणि औषध विकणारे आपल्या बांधावर येऊन हेच करतात. म्हणून मी कुणाचंही ‘दुसरं वाईट’ ऐकत नाही, ‘तुझ्यात काय आहे ते सांग’ म्हणतो.

२००७ चा दणका

पण ताज्यावाल्यांना गिऱ्हाईक मिळालं ते उगीच नाही. मार्च २००७ मध्ये ‘मेन्यू फूड्स’ या कॅनडाच्या कंपनीनं कुत्र्या-मांजरांच्या खाण्याची सहा कोटींच्या आसपास डबे-पाकिटं बाजारातून परत मागवली. जनावरांची मूत्रपिंडं निकामी होत होती. शोध घेतल्यावर चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाईन निघालं. प्लास्टिकच्या ताटल्या बनवतात तेच. वेगवेगळ्या नावांचे कितीतरी ब्रँड एकाच कंपनीकडून बनून येत होते, हेही लोकांना तेव्हाच कळलं.

मेलामाईन का घातलं? दूधवाल्यांनो, हे नीट वाचा. प्रयोगशाळेत प्रथिनं थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून प्रथिनांचा आकडा काढतात. मेलामाईनमध्ये नायट्रोजन ठासून भरलेला. चिमूटभर घातलं की कागदावर प्रथिनं वाढतात, पोटात शून्य. दुधात युरिया मारणारे हीच चलाखी करतात. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, चीनमध्ये तान्ह्या बाळांच्या दूध-भुकटीत तेच मेलामाईन निघालं. जवळजवळ तीन लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली. कुत्र्यांनी वर्षभर आधी धोक्याचा इशारा दिला होता असंच म्हणावं लागेल.

त्यानंतर अमेरिकेत लोक स्वतः शिजवायला लागले आणि शिजवून विकणारेही वाढले. ‘फ्रेशपेट’ २००६ ची, ‘जस्ट फूड फॉर डॉग्ज’ २०१० ची, ‘फार्मर्स डॉग’ २०१४ ची.

आमच्या शिवारातलं पिल्लू

मग घरी शिजवलं की झालं? इथं थांबा.

आमच्या शेजारच्या वस्तीवर एका पोरानं हौसेनं जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलं. दोन महिन्यांचं. पोरगा चांगला, जीव लावणारा. रोज दोन वेळ बिनहाडाचं चिकन आणि भात, हळद टाकून उकडलेला. पिल्लू भरलं, अंगावर तकाकी आली. पाचव्या महिन्यात पुढचे पाय वाकायला लागले. उभं राहायला नको, हात लावला की केकाटायचं. तालुक्याला नेऊन एक्स-रे काढला तर हाडं कागदासारखी पातळ आणि एक मोडलेलं. डॉक्टर म्हणाले, मांस-भातात कॅल्शियम जवळजवळ नाही आणि फॉस्फरस भरपूर. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडातून ओढतं. पिल्लू वाचलं, पण पाय वाकडे ते वाकडेच राहिले.

व्यायलेल्या गायीला मिल्क फिव्हर येतो तेव्हा रक्तातलं कॅल्शियमच पडलेलं असतं, म्हणून तर आपण गाभण-दुभत्या गायीला मिनरल मिक्श्चर चुकवत नाही. कुत्र्याला कॅल्शियम आणि फॉस्फरस साधारण एकास एक ते दोनास एक लागतं. नुसत्या मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो. आज्याचा कुत्रा हाडं चघळून हा हिशोब जुळवायचा. आपण हाड काढून देतो आणि वर म्हणतो, बघा कसं चांगलं घालतो.

हे फक्त आपल्याकडं होतं असं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ साली पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. त्यातल्या ९५ टक्क्यांमध्ये किमान एक तरी गरजेचा घटक कमी निघाला. त्यात काही पाककृती पशुवैद्यांनी लिहिलेल्याही होत्या.

आता पाकीट घ्या हातात

कुठलंही ताजं शिजवलेलं खाणं, अमेरिकेचं असो की पुण्या-मुंबईत नव्यानं विकायला आलेलं, मी पाच प्रश्नांनी तपासीन.

१) पाणी वजा केलं का? मुरघास आणि सरकी पेंड यांची तुलना आपण ओल्या वजनावर करत नाही, शुष्क पदार्थावर करतो. समजा गोळीच्या पोत्यावर प्रथिनं २६ टक्के आणि पाणी १० टक्के. ताज्याच्या पाकिटावर प्रथिनं ११ टक्के आणि पाणी ७२ टक्के. बघणारा म्हणेल ताजं हलकं. पाणी काढा. गोळीत ९० भागांत २६, म्हणजे साधारण २९ टक्के. ताज्यात २८ भागांत ११, म्हणजे ३९ टक्के. ताजंच सरस निघालं. पण किमतीत उलटं होतं. गोळीच्या किलोत साधारण साडेतीन हजार किलोकॅलरी, ताज्याच्या किलोत बाराशे ते पंधराशे. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला सहाशेच्या आसपास लागतात. म्हणजे गोळी पावणेदोनशे ग्रॅम, ताजं जवळजवळ अर्धा किलो. भाव किलोवर बघू नका, एका दिवसाच्या पोटावर बघा.

२) पूर्ण आणि संतुलित आहार असं छापलंय का, आणि कुठल्या वयासाठी? अमेरिकेत पशुखाद्य अधिकाऱ्यांची ‘ॲफ्को’ ही संघटना १९०९ पासून आहे, तिचे तक्ते वापरतात. ती कुणाला शिक्का देत नाही, फक्त मापं ठरवते. मोठ्या कुत्र्याला शुष्क पदार्थावर किमान १८ टक्के प्रथिनं, पिल्लाला साडेबावीस. आपल्याकडं भारतीय मानक ब्युरोचंही कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचं मानक आहे. पाकिटावर यातलं काहीच नसेल तर तो खाऊ समजा, जेवण नाही.

३) कागदावर जुळवलंय की खाऊ घालून बघितलंय? तक्त्याप्रमाणं जुळवणं ही एक रीत. दुसरी रीत म्हणजे किमान आठ कुत्र्यांना २६ आठवडे फक्त तेच घालून वजन आणि रक्त तपासणं. आठ कुत्री म्हणजे फार नाहीत, पण कागदापेक्षा बरं.

४) जुळवणी केली कुणी? पशुआहार शिकलेला माणूस कंपनीत आहे का, आणि फोन केला तर उत्तर देतो का? माल स्वतः बनवतात की दुसऱ्याकडून भरून घेतात? २००७ नंतर हा प्रश्न विचारायलाच हवा.

५) थंडीची साखळी तुटते का? दूध डेअरीला जाईपर्यंत काय होतं ते आपल्याला माहीत आहे. गोठवलेलं खाणं वाटेत वितळलं, पुन्हा गोठवलं, तर ताजं हा शब्द निरर्थक. जिथं लाइट सहा-सहा तास जाते तिथं हे खाणं परवडलं तरी झेपत नाही.

‘मंद आच’ या शब्दाला मी मार्क देत नाही. किती अंशांवर म्हणजे मंद, हे पाकिटावरून कळत नाही. ‘धान्य नाही’ यालाही नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध-अन्न प्रशासनानं धान्याऐवजी कडधान्य आणि बटाटा जास्त घातलेल्या खाण्याचा कुत्र्यांच्या एका हृदयविकाराशी संबंध आहे का याची चौकशी सुरू केली. पक्का निकाल लागला नाही, पण धान्य काढलं की कुत्रं निरोगी, हेही सिद्ध झालं नाही. भाकरीवर वाढलेल्या जातीला भाकरीची भीती कशाला?

ताज्याच्या बाजूनं काय आहे तेही सांगतो. इलिनॉय विद्यापीठाच्या चाचण्यांत असं खाणं गोळीपेक्षा चांगलं पचलं आणि विष्ठा कमी झाली. ज्यांची कुत्री तोंडाची चोखंदळ, म्हातारी किंवा पाणी कमी पिणारी आहेत त्यांना उपयोग होऊ शकतो. पण ताज्यानं आयुष्य वाढतं, असा दीर्घ मुदतीचा पुरावा नाही.

आयुष्य कशानं वाढलं त्याचा पुरावा आहे. प्युरिनानंच ४८ लॅब्राडोर कुत्र्यांवर जवळजवळ १४ वर्षं प्रयोग केला. एकच खाणं, फक्त अर्ध्यांना जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी. निकाल २००२ साली छापला. कमी खाणारी साधारण १३ वर्षं जगली, जास्त खाणारी ११ वर्षं आणि थोडं वर. जवळजवळ दोन वर्षांचा फरक, आणि तोही ब्रँडचा नाही, मापाचा. फार्मर्स डॉगची मला पटलेली गोष्ट म्हणाल तर हीच, की पाकीट कुत्र्याच्या वजनाप्रमाणं मापून येतं. हे माप मात्र घरच्या वाटीनंही होतं.

आपल्या वस्तीवर काय करायचं

मोकळ्या, मोठ्या झालेल्या राखणीच्या कुत्र्याला भाकरी, ताक, अंडं, अधूनमधून काळीज-मांस चालतं. बरगडी हाताला लागली पाहिजे, डोळ्याला दिसता कामा नये, हे माप ठेवा. शिजवलेलं हाड देऊ नका, ते टोकदार फुटतं आणि आतडं फाडतं. कांद्याचा रस्सा देऊ नका. आपण कांदा पिकवणारे म्हणून सांगतो. कुत्र्याच्या किलोमागं १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला तरी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवून त्याचं विष जात नाही. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट तर अजिबात नाही.

आणि पिल्लू असेल तर प्रयोग नको. वर्षभर तरी पिल्लांसाठी म्हणून पूर्ण आहार लिहिलेलं खाणं द्या, साधी गोळी असली तरी चालेल. त्यावर कॅल्शियमचं टॉनिक ओतू नका, मोठ्या जातीच्या पिल्लात जास्तीचं कॅल्शियमही हाडं बिघडवतं. घरचंच घालायचं असेल तर पशुवैद्यांकडून ग्रॅममध्ये लिहून घ्या.

ज्याला परवडतं आणि ज्याच्याकडं फ्रीजर आहे त्यानं पाच प्रश्नांची उत्तरं मिळाली तर ताजं खुशाल घालावं. ज्याला परवडत नाही त्यानं वाईट वाटून घेऊ नये. चांगली गोळी नीट मापून घालणारा मालक ताजं पातेलंभर ओतणाऱ्यापेक्षा कुत्र्याचं जास्त भलं करतो.

पुढच्या वेळी मुरघासाच्या खड्ड्याचं माप लिहितो, पाऊस यायच्या आत.